सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर जवळ आला की शिक्षक, वक्तृत्व स्पर्धेची तयारी करणारे विद्यार्थी, एनडीएच्या प्रवेशपरीक्षेला बसणारी मुले आणि त्यांचे पालक अरुण खेतरपालांविषयी जवळजवळ तेच ते प्रश्न विचारतात. ती उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. सुरुवातीला प्राथमिक माहिती आहे, पुढे वादाचे आणि अपवादाचे मुद्दे आहेत. एकाच गोष्टीची पुनरुक्ती टाळण्यासाठी आवश्यक तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अरुण खेतरपाल कोण होते, हे थोडक्यात सांगाल का?

भारतीय सेनेच्या चिलखती दलातील 'पूना हॉर्स' या रेजिमेंटचे ते अधिकारी होते. जन्म १४ ऑक्टोबर १९५०, पुणे. शालेय शिक्षण सनावरच्या लॉरेन्स स्कूलमध्ये झाले. १९६७ साली ते खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजे एनडीएत, दाखल झाले आणि तेथून डेहराडूनच्या भारतीय सैन्य अकादमीत गेले. १३ जून १९७१ रोजी त्यांना कमिशन मिळाले. त्यानंतर सहा महिने आणि तीन दिवसांनी, १६ डिसेंबर १९७१ रोजी, बसंतरच्या लढाईत त्यांना वीरमरण आले. त्या वेळी त्यांचे वय एकवीस वर्षे दोन महिने होते. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले.

२. त्यांचा जन्म पुण्याचा, म्हणजे ते मराठी होते का?

नाही. त्यांचे घराणे पंजाबी असून मूळचे सरगोध्याचे आहे, आणि सरगोधा आज पाकिस्तानात आहे. फाळणीत हे कुटुंब निर्वासित होऊन भारतात आले. वडील एम. एल. खेतरपाल सेनेच्या इंजिनिअर्स शाखेत अधिकारी होते आणि ब्रिगेडियर पदावरून निवृत्त झाले. लष्करी नोकरीतील माणसाचे घर बदलीच्या गावी असते, आणि अरुणचा जन्म झाला तेव्हा ते गाव पुणे होते. पणजोबा शिखांच्या खालसा सैन्यातून इंग्रजांविरुद्ध लढले होते, आजोबा पहिल्या महायुद्धाच्या काळात सैन्यात होते आणि वडील १९६५ च्या युद्धात होते. त्यामुळे हे घराणे पिढ्यान्पिढ्या शिपाईगिरीचे होते, असे म्हणणे योग्य ठरते.

महाराष्ट्राशी त्यांचा संबंध मात्र केवळ जन्मापुरता नाही. खडकवासला, अहमदनगर आणि रेजिमेंटचे नाव असे तीन धागे आहेत. ते पुढे प्रश्न ३, ४ आणि १४ मध्ये आले आहेत.

३. 'पूना हॉर्स' ही पुण्याची पलटण आहे का? तिच्यात मराठे असतात का?

नाव पुण्याचे आहे, कारण तिचा उगम पुण्याचा आहे. जून १८१७ मध्ये दुसरा बाजीराव पेशवा आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात झालेल्या पुण्याच्या तहातून 'पूना ऑक्झिलरी हॉर्स' हे घोडदळ उभे राहिले. त्याच वर्षी नोव्हेंबरात खडकीला पेशव्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली, हे मराठी वाचकाला ठाऊक असतेच. आजच्या रेजिमेंटमधील जवान प्रामुख्याने उत्तर भारतातले असतात, त्यामुळे 'मराठा लाइट इन्फंट्री'शी तिची गल्लत करू नये. ती पायदळाची रेजिमेंट आहे आणि ही रणगाड्यांची.

या रेजिमेंटला दोन परमवीर चक्रे मिळाली आहेत. पहिले लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर यांचे. त्यांचा जन्म मुंबईचा आणि शिक्षण पुण्यातले. १६ सप्टेंबर १९६५ रोजी ते सियालकोट क्षेत्रात धारातीर्थी पडले. सहा वर्षांनी, त्याच परिसरात, त्याच रेजिमेंटचा अधिकारी पुन्हा सोळा तारखेलाच पडला.

४. प्रशिक्षण पूर्ण झालेले नसताना ते युद्धावर कसे गेले?

कमिशन मिळालेल्या नव्या अधिकाऱ्याला चिलखती दलात रणगाड्याचे वेगळे शिक्षण घ्यावे लागते. 'यंग ऑफिसर्स' नावाचा हा अभ्यासक्रम अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये चालतो. खेतरपाल तेथे शिकत असतानाच युद्धाची चिन्हे स्पष्ट झाली आणि तरुण अधिकाऱ्यांना आपापल्या रेजिमेंटकडे पाठवण्यात आले. म्हणजे ते कमिशन मिळालेले अधिकारी होतेच, अपूर्ण राहिला होता तो केवळ त्यांच्या शाखेचा विशेष अभ्यासक्रम. 'शिकाऊ कॅडेट रणांगणावर गेला' असे जे लिहिले जाते, ते चुकीचे आहे.

वाटेत ते दिल्लीला घरी थांबले. सामानात त्यांनी गोल्फच्या काठ्या आणि समारंभाचा निळा गणवेश भरला होता. हे कशासाठी, असे घरच्यांनी विचारले तेव्हा लाहोरला गोल्फ खेळायचे आहे आणि विजयानंतरच्या मेजवानीला नीट कपडे लागतील, असे उत्तर त्यांनी दिले, अशी आठवण कुटुंबीय सांगत आले आहेत. आजोबा-वडील वाघासारखे लढले, तूही तसाच लढ, भित्र्यासारखा परत येऊ नकोस, या आशयाचे आईचे निरोपाचे बोलणेही त्यातलेच. हे दोन्ही प्रसंग घरच्यांच्या आठवणीतले आहेत, शासकीय नोंदीतले नव्हेत. भाषणात ते जरूर सांगावेत, पण आईच्या तोंडी नवनवी वाक्ये घालून ते वाढवू नयेत.

५. युद्ध बांगलादेशासाठी झाले, मग ही लढाई जम्मूजवळ कशी?

३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी पाकिस्तानने भारताच्या पश्चिमेकडील विमानतळांवर हल्ले केले आणि युद्ध दोन्ही सीमांवर पेटले. पश्चिमेला सियालकोटच्या पूर्वेस पाकिस्तानचा एक भूभाग भारताच्या बाजूला फुगवट्यासारखा पुढे आलेला आहे. त्याला शकरगड क्षेत्र म्हणतात. पठाणकोटहून जम्मूला जाणारा महामार्ग या फुगवट्याच्या अगदी जवळून जातो, आणि तो तुटला तर जम्मू-काश्मीरकडे जाणारी रसदच तुटते. म्हणून भारताने आपण होऊन या भागात चढाई केली. बसंतर ही तेथून वाहणारी रावीची उपनदी. ती ओलांडून पलीकडे पाय रोवणे हे ५४ पायदळ डिव्हिजनचे काम होते आणि पूना हॉर्स या मोहिमेतल्या ४७ पायदळ ब्रिगेडच्या दिमतीला होती.

६. १५ आणि १६ डिसेंबरला नेमके काय घडले?

१५ डिसेंबरच्या रात्री पायदळाने बसंतर ओलांडून पलीकडे ठाणे धरले. परंतु नदीच्या आसपास पाकिस्तानी सैन्याने दाट सुरुंग पेरलेले होते आणि सुरुंगांतून वाट मोकळी झाल्याशिवाय रणगाडे पुढे जाऊ शकत नव्हते. सॅपर, म्हणजे इंजिनिअर्सचे जवान, रात्रभर ती वाट काढत होते. काम अर्ध्यावर असतानाच पलीकडच्या पायदळाने कळवले की शत्रूच्या रणगाड्यांची हालचाल दिसू लागली आहे आणि मदत तातडीने हवी. पायदळाजवळ रणगाडे नसताना पहाट झाली असती, तर ते ठाणे टिकणे अवघड होते. पूना हॉर्सचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल हनूत सिंग होते. रेजिमेंटने उरलेल्या सुरुंगांची पर्वा न करता रणगाडे तसेच पुढे घातले आणि उजाडण्याच्या सुमारास पायदळाला गाठले. खेतरपालांच्या कथेत हा भाग बहुतेक जण गाळतात. तो गाळला की पुढचे सगळे एकट्या माणसाच्या पराक्रमासारखे भासते, म्हणून तो आवर्जून सांगायला हवा.

१६ डिसेंबरला सकाळी ८ च्या सुमारास धुराच्या पडद्याआडून पाकिस्तानी रणगाड्यांनी जरपाल गावाजवळ पहिला प्रतिहल्ला केला. तेथे असलेल्या पूना हॉर्सच्या 'बी' स्क्वॉड्रनने, म्हणजे रेजिमेंटमधील रणगाड्यांच्या एका तुकडीने, मदत मागितली. खेतरपाल 'ए' स्क्वॉड्रनमध्ये होते. ते आपल्या रणगाड्यांसह निघाले. वाटेत शत्रूच्या मोर्चांतून आणि रिकॉइललेस तोफांच्या ठाण्यांतून मारा सुरू झाला. थांबून विचार करायला वेळ नव्हता. त्यांनी रणगाडे थेट त्या मोर्चांवर घातले, मोर्चे चिरडले आणि तेथल्या सैनिकांना पिस्तूल रोखून ताब्यात घेतले. अशाच एका झटापटीत त्यांच्या तुकडीतल्या दुसऱ्या रणगाड्याचा कमांडर मारला गेला. खेतरपाल 'बी' स्क्वॉड्रनजवळ पोहोचले तेव्हा शत्रूची पहिली फळी मागे फिरत होती. त्यांनी तिचा पाठलाग करून एक रणगाडा निकामी केला.

थोड्याच वेळात पाकिस्तानी रणगाड्यांचे एक संपूर्ण स्क्वॉड्रन पुन्हा चालून आले. या हल्ल्याचा मुख्य रोख जेथे होता, तेथे खेतरपाल आणि आणखी दोन अधिकारी असे तिघे, तीन रणगाडे घेऊन उभे होते. समोर १३ लान्सर्स या पाकिस्तानी रेजिमेंटचे अमेरिकी बनावटीचे पॅटन रणगाडे होते आणि इकडे ब्रिटिश बनावटीचे सेंच्युरियन. या चकमकीत शत्रूचे दहा रणगाडे निकामी झाले. उरलेल्या दोन भारतीय रणगाड्यांपैकी एकाला गोळा लागला आणि दुसऱ्याची तोफ बंद पडली. खेतरपालांच्या रणगाड्यालाही गोळा लागून आग लागली आणि ते स्वतः गंभीर जखमी झाले. तशाही स्थितीत त्यांनी मारा चालू ठेवला. त्यानंतर बसलेल्या दुसऱ्या गोळ्याने त्यांचा मृत्यू झाला. शत्रूला मात्र त्या ठिकाणी फळी फोडता आली नाही.

७. त्यांनी चार रणगाडे नष्ट केले की दहा?

परमवीर चक्राच्या मानपत्रानुसार या चकमकीत एकूण दहा रणगाडे नष्ट झाले आणि त्यांपैकी चार खेतरपालांनी स्वतः नष्ट केले. दहा हा आकडा तिघा अधिकाऱ्यांच्या रणगाड्यांचा मिळून आहे. तो एकट्यांच्या नावावर मांडणे म्हणजे बाजूच्या दोघांचे श्रेय काढून घेणे होय. एकवीस वर्षांच्या मुलाने आपल्या पहिल्याच लढाईत चार पॅटन टिपले, ही गोष्ट फुगवून सांगण्याची गरज कोणाला का भासावी, हे कळत नाही.

८. बिनतारी यंत्रावरचे त्यांचे शेवटचे शब्द खरे आहेत का?

रणगाडा सोडून बाहेर पडण्यास सांगितल्यावर, आपण रणगाडा सोडणार नाही, आपली तोफ अजून चालू आहे आणि आपण यांना सोडणार नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी बिनतारी यंत्रावर इंग्रजीत दिले. ते संभाषण त्याच वेळी इतरांनीही ऐकले होते. त्यात शत्रूला उद्देशून एक शिवीही आहे, जी शालेय कार्यक्रमांत साहजिकच वगळली जाते. वगळणे समजू शकते. तिच्या जागी 'भारतमाते, तुझ्यासाठी' अशा धर्तीची वाक्ये घालणे मात्र योग्य नाही, कारण ते शब्द त्यांचे नाहीत.

९. रणगाडा सोडण्यास सांगितलेले असताना त्यांनी ऐकले नाही. हा आज्ञाभंग नव्हे का?

हा प्रश्न बहुधा एनडीएच्या मुलाखतीची तयारी करणारी मुले विचारतात, आणि तो विचारायलाच हवा. जळत्या रणगाड्यातून बाहेर पडण्याची सूचना ही जीव वाचवण्यासाठीची होती, आघाडी सोडून देण्याची नव्हती. आघाडी धरून ठेवणे हे मूळ काम कायमच होते. बाजूचे दोन्ही रणगाडे थंडावल्यामुळे (प्रश्न ६ पाहा) त्या तुकड्यावर चालू स्थितीतली तोफ खेतरपालांचीच उरली होती. आपण बाहेर पडलो तर शत्रू येथून आत घुसेल, असा त्यांचा निर्णय होता आणि मानपत्राने नेमका हाच निर्णय गौरवला आहे. रेजिमेंटनेही त्याकडे कधी बेशिस्त म्हणून पाहिले नाही. यावरून 'शूर सैनिक आज्ञा मानत नाही' असा सर्वसाधारण निष्कर्ष काढू नये. त्यांचे कमांडिंग ऑफिसर हनूत सिंग स्वतः शिस्तीच्या बाबतीत अतिशय कडक होते आणि रेजिमेंट त्यांच्या हाताखाली तयार झालेली होती.

१०. रणगाड्यात ते एकटेच होते का? इतरांचे काय झाले?

सेंच्युरियनमध्ये चौघे असतात : कमांडर, तोफ डागणारा गनर, चालक आणि गोळे भरण्याबरोबर बिनतारी यंत्र सांभाळणारा जवान. खेतरपालांच्या रणगाड्याचे नाव 'फामागुस्ता' होते. त्यात सवार प्रयाग सिंग चालक, सवार नत्थू सिंग गनर आणि सवार नंद सिंग बिनतारी यंत्रावर होते. नंद सिंग त्याच रणगाड्यात मारले गेले, प्रयाग सिंग आणि नत्थू सिंग बचावले. तोफेचा नेम गनर धरतो आणि रणगाडा चालक हलवतो, त्यामुळे चार रणगाडे 'स्वतः' नष्ट केले याचा अर्थ त्यांच्या हुकमाखालील रणगाड्याने नष्ट केले, असा घ्यायचा. आपल्या कार्यक्रमात खेतरपालांच्या तसबिरीला हार घातला जात असेल, तर नंद सिंगांचे नावही उच्चारले जावे, अशी आमची सर्वांना विनंती असते.

११. ढाक्याला शरणागती झाल्यानंतर त्यांना मरण आले, हे खरे का?

नाही. ही लढाई १६ डिसेंबरला सकाळी झाली आणि ढाक्यातील शरणागतीवर सह्या त्याच दिवशी दुपारी साडेचारच्या सुमारास झाल्या. गोंधळ होतो तो शस्त्रसंधीमुळे. पश्चिम सीमेवर शस्त्रसंधी १७ डिसेंबरच्या रात्री ८ वाजता लागू झाली, म्हणजे ढाका पडल्यानंतरही बसंतरला एक दिवस रक्त सांडतच होते. १७ तारखेला जरपालवरच्या पाकिस्तानी हल्ल्यात त्या सैन्याचे लेफ्टनंट कर्नल मोहम्मद अक्रम राजा पडले. त्यांच्या शौर्याची दखल समोरच्या भारतीय बटालियनच्या, ३ ग्रेनेडिअर्सच्या, प्रमुखांनी लेखी घेतली होती. याच बटालियनचे मेजर होशियार सिंग यांना जरपालच्या लढाईसाठी परमवीर चक्र मिळाले.

१२. अंत्यसंस्कार कोठे झाले? घरच्यांना केव्हा कळले?

१७ डिसेंबर रोजी सांबाजवळ त्यांच्यावर अंत्यसंस्कार करण्यात आले आणि अस्थी कुटुंबाकडे पाठवण्यात आल्या. घरी बातमी २६ डिसेंबरपर्यंत पोहोचली नव्हती. युद्ध संपून नऊ दिवस झाले होते आणि मुलगा आता घरी येईल अशा समजुतीत घर होते. आज सैनिकाचे पार्थिव गावी आणण्याची पद्धत रूढ असल्यामुळे 'पुण्यात समाधी कोठे आहे' अशी विचारणा होते. तशी समाधी पुण्यात नाही.

१३. ज्याच्या हातून अरुणचा मृत्यू झाला त्या पाकिस्तानी अधिकाऱ्याला त्यांचे वडील पाकिस्तानात भेटले होते, ही गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. २००१ साली ब्रिगेडियर एम. एल. खेतरपाल ८१ वर्षांचे असताना, आपले सरगोधा एकदा डोळ्यांनी पाहावे म्हणून पाकिस्तानात गेले. लाहोरमध्ये ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर यांनी त्यांना आपल्या घरी उतरवून घेतले. नासेर यांचे सारे घर त्यांच्या सरबराईत होते, आणि एवढी आपुलकी कशासाठी, हे पाहुण्याला उमगत नव्हते. मुक्कामाच्या शेवटच्या रात्री नासेर यांनी, सांगण्यासारखे काही आहे, असे म्हणून सांगितले की बसंतरला ते १३ लान्सर्समध्ये मेजर होते, दोघांचे रणगाडे समोरासमोर आले होते आणि अरुणचा मृत्यू त्यांच्या हातून झाला. त्या मुलाच्या धैर्याचे त्यांनी मनापासून कौतुक केले आणि भारताच्या विजयात त्याच्या अडून राहण्याचा वाटा मोठा होता, असेही म्हटले. म्हाताऱ्या बापाने काही क्षण काय बोलावे ते न सुचून अखेर यजमानाला सलाम केला, असे सांगतात.

या भेटीवरून काही जण नासेर यांना दोष देतात, तर काही जण तिचा वापर दोन देशांच्या मैत्रीच्या भाषणांत करतात. आमच्या मते दोन्ही गोष्टी त्या दोघांवर लादलेल्या आहेत. दोघेही लष्करी अधिकारी होते, आपले काम काय आणि समोरच्याचे काम काय हे दोघांना कळत होते.

१४. त्यांची स्मारके कोठे आहेत आणि कोणती पाहता येतात?

खडकवासल्याला एनडीएचे संचलन मैदान 'खेतरपाल परेड ग्राउंड' या नावाने ओळखले जाते. वर्षातून दोनदा, मे आणि नोव्हेंबरच्या सुमारास, दीक्षान्त संचलन येथेच होते आणि मैदान सोडताना कॅडेट 'अंतिम पग' टाकून प्रबोधिनीचा निरोप घेतात. एनडीएतून मुलींची पहिली १७ जणींची तुकडी बाहेर पडली, तीही ३० मे २०२५ रोजी याच मैदानावरून. डेहराडूनच्या अकादमीत त्यांच्या नावाचे प्रेक्षागृह आहे.

'फामागुस्ता' दुरुस्त करून अहिल्यानगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन केलेला आहे, म्हणजे ज्या संस्थेतला अभ्यासक्रम अर्धवट टाकून ते गेले, तेथेच. याच शहरात रणगाड्यांचे संग्रहालय आहे आणि ते सर्वसामान्यांना पाहता येते. प्रशिक्षण केंद्राचा परिसर व एनडीए ही मात्र चालू लष्करी ठिकाणे आहेत, तेथे पूर्वपरवानगीशिवाय प्रवेश नाही. शाळेची सहल नेण्याआधी हा फरक लक्षात घ्यावा.

दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकातील 'परम योद्धा स्थल' येथे सर्व २१ परमवीरांचे अर्धपुतळे आहेत आणि तेथे कोणालाही जाता येते. २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमान-निकोबारमधील २१ बेटांना परमवीरांची नावे देण्यात आली, त्यांत 'अरुण खेतरपाल द्वीप' आहे. ऐंशीच्या दशकात मुंबईस्थित शिपिंग कॉर्पोरेशनच्या तेलवाहू जहाजांनाही परमवीरांची नावे दिली होती, त्यांतले एक त्यांच्या नावाचे होते.

१५. परमवीर चक्र कोणी स्वीकारले? या पदकाचा महाराष्ट्राशी काय संबंध?

राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या हस्ते ते त्यांच्या आई महेश्वरी खेतरपाल यांनी स्वीकारले. १९७१ च्या युद्धासाठी चार परमवीर चक्रे दिली गेली : लान्स नायक अल्बर्ट एक्का, फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों, खेतरपाल आणि मेजर होशियार सिंग. यांपैकी होशियार सिंग एवढेच हयात होते. पदकाचा आराखडा सावित्रीबाई खानोलकर यांचा. त्या जन्माने युरोपीय होत्या आणि विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी विवाह करून येथल्याच झाल्या.

१६. ते सर्वांत तरुण परमवीर आहेत का?

१९७१ मध्ये होते, आज नाहीत. १९९९ च्या कारगिल युद्धात ग्रेनेडियर योगेंद्र सिंग यादव यांना एकोणिसाव्या वर्षी परमवीर चक्र मिळाले. जुन्या पाठ्यपुस्तकांतले वाक्य त्या काळापुरते बरोबर होते. आता 'त्या वेळचे सर्वांत तरुण' असे लिहावे.

१७. त्यांचा हुद्दा लेफ्टनंट लिहावा की सेकंड लेफ्टनंट?

सेकंड लेफ्टनंट. भारतीय सेनेत हा हुद्दा आता राहिलेला नाही आणि नवा अधिकारी थेट लेफ्टनंट होतो, त्यामुळे मुलांना ते नजरचूक वाटते. काही ठिकाणी, उदाहरणार्थ प्रश्न १४ मधील जहाजाच्या नावात, नुसते 'लेफ्टनंट' आलेले आहे. 'कॅप्टन' किंवा 'मेजर' मात्र कोठेही बरोबर नाही, कारण मरणोत्तर पदोन्नती त्यांना दिलेली नव्हती.

१८. शाळेत कार्यक्रम १४ ऑक्टोबरला करावा की १६ डिसेंबरला?

१६ डिसेंबर हा विजय दिवस असल्याने त्या दिवशी एकूण युद्धावर बोलावे लागते आणि खेतरपालांना पाच मिनिटे मिळतात. १४ ऑक्टोबरला वेळ निवांत मिळतो, परंतु अनेकदा तो दिवस सहामाही परीक्षा किंवा दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर येतो. ज्यांना शक्य आहे त्यांनी ऑक्टोबरात त्यांचे चरित्र आणि डिसेंबरात बसंतरची लढाई असे दोन भाग करावेत. दुसऱ्या भागासाठी फळ्यावर शकरगडचा फुगवटा, बसंतर नदी, पठाणकोट-जम्मू रस्ता आणि जरपाल एवढे काढले तरी पुरते. नकाशा समोर असला की सुरुंगांतून रणगाडे घाईने का न्यावे लागले, हे मुलांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही.